एका मशीनवरच्या दोन वाटा

शहागडला गोदावरीचा पूल मागं पडला की हायवेच्या कडेला सळईचा डेपो आहे. जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका मिलची सळई इथं उतरते आणि इथून ट्रकात भरून गेवराई-बीडकडच्या बांधकामांवर जाते. डेपो भारत सांभाळतो. डेपोला लागून त्याचं घर, घराच्या पुढच्या खोलीत टेबल, टेबलावर कॉम्प्युटर. घरात त्याला सगळे मशीन म्हणतात. विहिरीवरच्या मोटरीला म्हणतात, शिवणाच्या यंत्राला म्हणतात, तसंच.

ट्रक भरला की गेटपास लागतो. गेटपासशिवाय फाटक उघडायचं नाही, असा मिलचा कायदा. गेटपास निघतो मिलच्या सिस्टिममधून, आणि तिथवर पोचायला मिलनं मशीनवर आपलं व्हीपीएन टाकून दिलं होतं. पडद्याच्या कोपऱ्यात एक निळी ढाल. ढाल पेटली की या टेबलापासून जालन्याच्या ऑफिसापर्यंत एक झाकली वाट उघडायची. हायवेवरून हजार गाड्या जावोत, त्या वाटेनं फक्त भारत जायचा.

दसऱ्यापासून ढालीच्या शेजारी एक हिरवं कुलूप आलं. ते प्रियदर्शनीचं.

प्रियदर्शनी भारतची थोरली बहीण. अंबडला दिलेली. नांदणं मोडलं आणि दोन पावसाळ्यांमागं ती माघारी आली. लेक जाते तेव्हा वाजतगाजत जाते. येते तेव्हा भर दुपारची एसटीतून उतरते. ती फाटकातून आत आली तेव्हा सळई मोजणाऱ्या हमालांनी मान खाली घातली, एवढंच तिचं स्वागत झालं. आई, दुर्गाबाई, पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात आली आणि म्हणाली, "ये. हात-पाय धू." त्यापुढं कुणी काही विचारलं नाही, आणि न विचारण्यालाच घरानं माया समजून घेतलं.

मग तिला पुण्याच्या एका कंपनीचं काम लागलं. घरी बसून करायचं. दवाखान्याची बिलं आणि विम्याचे दावे जुळवून बघायचे. लोकांच्या आजारपणाचे कागद, म्हणून कंपनीची वाटही झाकलेली. तिचं व्हीपीएन म्हणजे ते हिरवं कुलूप. पहिले तीन महिने कच्चे. पक्की झाली की कंपनी स्वतःचा लॅपटॉप पाठवणार होती, तोवर मशीन आपलं आपण बघायचं.

त्या लॅपटॉपात तिचा जीव अडकला होता. तो हातात आला की तिला टेबल नको, भाऊ नको, की हायवे नको. जालन्यात कल्याणी नावाची तिची कॉलेजातली मैत्रीण खोली घेऊन राहत होती. तिथं एक खाट रिकामी होती. एक दार, एक खिडकी, मांडीवर स्वतःचं मशीन. हे तिनं फक्त आईला सांगितलं होतं, मेथी निवडता निवडता, हळू.

अडचण पहिल्याच दिवशी कळली. ढाल पेटलेली असताना तिनं कुलूप लावलं आणि सगळंच मेलं. मिल नाही, पुणे नाही, साधं गुगलही नाही. कंपनीच्या मदतीच्या नंबरावर ऋषी नावाचा मुलगा होता. त्यानं शांतपणे समजावलं.

"मॅडम, दोन्ही सॉफ्टवेअर मशीनला एकच सांगतात. घरातून जे बाहेर जाईल ते माझ्याच दारातून जाईल. मशीन बिचारं कुणाचं ऐकणार? एका वेळी एकच लावा."

फोन स्पीकरवर होता. भारत बशीत चहा ओतत म्हणाला, "म्हंजे दोन सवती झाल्या म्हण की."

आतून वंदनाचा, त्याच्या बायकोचा, आवाज आला. "तुम्हाला एकीलाच साडी आणायचं ध्यानात राहत न्हाई, दोघींची कशाला बात करून राह्यले?"

सगळे हसले. प्रियदर्शनीही हसली. त्या घरात तेव्हा हसू होतं, हे खोटं नाही.

भाऊबीजेला तिनं भारतला ओवाळलं. पाटावर बसलेला भाऊ, कपाळावर कुंकू, डोळ्यांत दिव्याचं पाणी. भारतनं साडीची पिशवी पुढं केली. तिनं ताट तसंच धरून ठेवलं.

"साडी वंदनाला दे. मला ओवाळणीत दुसरं पायजे."

"बोल की ताई."

"दहा ते सहा मशीनवर माझं कुलूप राहील. तुझी ढाल सकाळी अन् सांजच्याला."

"येवढंच व्हय?" भारतनं दोन्ही हात जोडून ताटाला लावले. "दिलं. दिवस तुझा."

दुर्गाबाईला बोलता बोलता ओवी जुळवायची सवय. जात्यावर कधी बसली नसेल, पण भांडी घासताना तिनं ढीगभर ओव्या रचल्या. ती भिंतीला टेकून म्हणाली,

*साडी न्हाई, चोळी न्हाई, न्हाई सोन्याची साखळी*
*भावानं दिली बहिणीला दिवसाची वाट मोकळी*

शेजारच्या बायांनी ऐकलं, माना डोलावल्या. असा भाऊ असावा, म्हणाल्या. भारतच्या गालावर लाली आली. त्यानं ते मनापासून दिलं होतं. ते म्हटल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

दिवाळीनंतर काही दिवस वाट खरंच मोकळी राहिली. दहाला ती कुलूप लावायची, पुण्याच्या हजेरीच्या यादीत आपलं नाव हिरवं झालेलं बघायची आणि कामाला लागायची. कुणाचं अपेंडिक्स, कुणाचा मोडलेला हात, कुणाची पहिलटकरीण लेक. एकेक कागद ती कापूस वेचावा तसा वेचायची. संध्याकाळी सहाला कुलूप निघायचं, ढाल लागायची, आणि दिवसभर खोळंबलेले गेटपास काढायला भारत बसायचा.

पुढं तो बसेना. "तू बसलीच हायस तर येवढे चार काढ ना ताई. मला ते बारीक अक्षर दिसत न्हाई." ती काढायची. ट्रकचा नंबर, मालाचं वजन, गिऱ्हाईकाचं नाव. खाली सही भारतची. चार नंतर आठ. वंदना स्वयंपाकघरातून म्हणायची, "ताईंमुळं आमच्या यांना बराबर आराम झाला." ते कौतुक होतं, आणि कौतुकाला नाही म्हणायचं तोंड माघारी आलेल्या लेकीला नसतं.

मग ट्रक संध्याकाळपर्यंत थांबेनासे झाले. मिलचा माल वाढला होता. भर साडेअकराला भारत तिच्या खुर्चीमागं येऊन उभा राहायचा.

"ताई, दोन मिनटं."

"आत्ता न्हाई रे. इथं कागद उघडलाय."

"ड्रायव्हर उभा हाय गं. बीडला जायचंय त्याला. दोनच मिनटं, तुझी शपथ."

बाहेरून ड्रायव्हर ओरडायचा, "भारतशेठ, गेटपास काढून राह्यले का छापखाना टाकून राह्यले?"

ती कुलूप काढायची. कुलूप निघालं की पुण्यात तिचं नाव करडं पडायचं. ढाल लावून गेटपास काढायचा, ढाल काढायची, पुन्हा कुलूप. मग फोनवर कोड, कोड आला तर ठीक, टॉवर गेलेला असला तर छतावर जाऊन फोन वर धरायचा. दोन मिनिटांची वाट अशी लांबत जायची. उघडलेला कागद बंद झालेला असायचा, तो पुन्हा पहिल्यापासून. पुण्याच्या रजनी मॅडम, तिच्या कामावर देखरेख करणाऱ्या, आधी गोडीनं विचारायच्या. "प्रियदर्शनी, जागेवर नव्हता का?"

"होते मॅडम. लाइन गेल्ती."

"रोज जाते का तुमच्याकडे लाइन?"

ती काय सांगणार? लाइन जात नव्हती. लाइन घरातच उभी होती, तिच्या खुर्चीमागं, टाचा वर-खाली करत.

तिनं पुन्हा ऋषीला फोन लावला. त्यानं एक तोड सांगितली. "आमचं सॉफ्टवेअर सगळं आपल्याच दारातून नेतं, ते बदलता येत नाही. पण मिलच्या माणसांना सांगा, त्यांच्या व्हीपीएनला फक्त मिलपुरतं बांधून द्या. मिलकडे जाणारं तेवढं त्यांनी न्यावं, बाकीचं सोडून द्यावं. छोटी सेटिंगची फाईल असते. मग दोन्ही एकदम चालतील. नांदतील की हो सुखानं."

तिनं भारतला सांगितलं. त्याचा हात भाकरीवर थांबला.

"विचारतो," तो म्हणाला.

दोन-तीन दिवसांनी तिनं आठवण केली.

"विचारलं. न्हाई म्हणले. ते सेफ्टीचं काईतरी हाय म्हणे त्यांचं."

"पुन्हा एकदा विचार ना. माझा फार जीव अडकलाय रे त्यात."

"ताई, मिलवाल्यांपुढं किती बार तोंड वेंगाडू? डेपो काढून घेतील ते." आणि मग, मऊ होऊन, "तू कशाला इतकं मनाला लावून घेतीस? इथं काय कमी हाय का तुला?"

कमी नव्हतं. ताटात भाजी होती, अंगावर पांघरूण होतं. वंदना डोक्याला तेल लावून द्यायची. फक्त रोज दुपारी कुणीतरी येऊन तिच्या हातातला दिवस दोन मिनिटांसाठी मागून न्यायचं आणि परत देताना तो फाटलेला असायचा.

जानेवारी लागली. हायवेवरून उसाच्या ट्रॉल्या गाणी वाजवत जायला लागल्या. एका सोमवारी रजनी मॅडमचा फोन आला. या वेळी आवाजात गोडी नव्हती, राग पण नव्हता.

"तुमचं काम चोख आहे, मी तसं लिहिलंय. पण कनेक्शन दिवसात तीन-तीनदा पडतं. शुक्रवारी कायम करायची नावं वर जाणार आहेत. या आठवड्यात तरी सांभाळा."

तिनं फोन ठेवला. प्रिंटरच्या कडेला मिलच्या कॉम्प्युटरवाल्याचा नंबर चिकटवलेला होता, रामप्रसाद म्हणून. रोज डोळ्यांसमोर होता. पण मिलशी भावाचं नातं, आपण कशाला मधे पडायचं, म्हणून तिनं तो कधी लावला नव्हता. आज लावला. विनवणी करायची तयारी करून लावला.

"नमस्कार, शहागडच्या डेपोवरून बोलतेय. भारतची बहीण. तुमच्या व्हीपीएनला फक्त मिलपुरतं बांधून मिळेल का, असं..."

"ती फाईल?" रामप्रसाद मधेच म्हणाला. "ती तर मी कवाच पाठवली ताई. भारतभाऊच्या फोनवर. टाकली न्हाई का अजून?"

तिला वाटलं दुसऱ्या कुठल्या डेपोचं बोलतोय. "त्यानं विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणाला होता ना?"

"आपण कशाला न्हाई म्हणू? भाऊबीजेच्या दुसऱ्याच दिवशी भाऊचा फोन. म्हणे, बहिणीचं काम अटकून राह्यलंय, काय पण करा. बिलकुल मागंच लागल्ते. मी साहेबांची परवानगी काढून आठ दिवसांत पाठवली. फाईल उघडायची, हो म्हणायचं, बस्स. जल्दी हवी तर परत पाठवतो."

"पाठवा," ती म्हणाली. "माझ्या फोनवर पाठवा."

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे ती सांगायच्या आधी, ऋषी सांगायच्याही आधी, त्यानं आपणहून विचारलं होतं. मागितलं तेव्हा तो भाऊ होता. आलं तेव्हा आठ दिवस झाले होते, आणि त्या आठ दिवसांत संध्याकाळचे गेटपास तिच्याकडं आले होते. त्याच आठ दिवसांत मेथीच्या जुडीवर हळू बोललेलं आईच्या पोटातून त्याच्या कानात गेलं असणार. कोण वाईट होतं यात? रागावायला एक धड माणूसही सापडेना, हेच तिला जास्त लागलं.

फाईल आली. तिनं ती मशीनवर घेऊन उघडली, हो म्हटलं. ढाल पेटली. मग भीत भीत कुलूप लावलं. ते पेटलं. दोन्ही पेटलेले राहिले. तिनं पुण्याचा कागद उघडला, उघडला. मिलची सिस्टिम उघडली, उघडली. एवढं सगळं होईतो चुलीवर ठेवलेला चहाही उतू गेला नव्हता.

भारत साडेअकराला आला. "ताई, दोन मिनटं." तिनं खुर्ची न सोडता, कुलूप न काढता, गेटपास काढून त्याच्या हातात दिला. त्यानं पडद्याच्या कोपऱ्याकडं बघितलं. निळं आणि हिरवं, शेजारी शेजारी. तिनं वाट पाहिली. एक शब्द बोलला असता, चुकलं म्हणाला असता, तर तिनं तिथंच ते गोदावरीत सोडून दिलं असतं.

"ड्रायव्हर थांबलाय," तो म्हणाला आणि गेला.

तिनंही विषय काढला नाही. शुक्रवारपर्यंत मशीन लागणार होतं. त्या घरात चार दिवस दोन्ही वाटा सुखानं चालल्या आणि माणसं एकमेकांना चुकवून चालली. तिचं नाव पुण्यात एकदाही करडं पडलं नाही. ती कागदांवर अशी वाकून बसायची, की वंदना म्हणाली, "ताई, मान दुखंल."

शुक्रवारी दुपारी मेल आली. काम समाधानकारक, पण जोडणी भरवशाची नसल्यामुळं या वेळी कायम करता येत नाही. सहा महिन्यांनी स्वतःच्या मशीनसह पुन्हा अर्ज करता येईल. खाली रजनी मॅडमनी स्वतःची एक ओळ जोडली होती: हे चार दिवस आधी मिळाले असते तर बरं झालं असतं.

तिच्या डोळ्यांदेखत हिरवं कुलूप विझलं. पुन्हा लावून बघितलं. खातं बंद आहे, एवढंच उत्तर.

भारत जेवत होता. आई त्याच्या शेजारी, वंदना चुलीपुढं. प्रियदर्शनी दारात उभी राहिली.

"माझं काम गेलं."

वंदनाच्या हातातली भाकर तव्यावर तशीच राहिली. भारतनं घास खाली ठेवला. "गेलं म्हंजे?"

"म्हंजे गेलं. फाईल तुझ्या फोनात कवाची हाय रे भारत?"

उत्तर आईच्या तोंडावर आधी आलं. तिनं पदर ओढून घेतला.

"तू गेली असती," भारत म्हणाला. मान वर न करता.

"गेले असते."

"मंग? एवढे दिवस कोण करून राह्यलं ते सगळं? मला येतं का? मी एकटा डेपो बघू, का माल बघू, का ते मशीन बघू?" त्याचा आवाज चढला आणि मग लहान पोरासारखा झाला. "अन् घर सुनं झालं असतं ताई. तू आल्यापासून आईला झोप लागून राह्यली. मी काय वाईट चितलं का तुझं?"

"मला विचारलं असतंस."

"विचारलं असतं तर तू थांबली असतीस का?"

"न्हाई."

"मंग," तो म्हणाला, जणू हिशेब त्याच्या बाजूनं बसला. "सहा महिन्यांनी परत भर म्हणलेत ना? भर की. तवर हायस इथंच. आता तर दोन्ही बराबर चालतंय."

दुर्गाबाईनं तोंड उघडलं. "दर्शे, तो मायेनंच..."

"आई, तू जेव."

ती आत गेली आणि पिशवीत कपडे भरायला लागली. फार नव्हते. वंदना मागोमाग आली, दाराला धरून उभी राहिली. "कुठं चालल्या ताई?"

"जालन्याला. कल्याणीच्या खोलीवर."

"पण मशीन न्हाई, काम न्हाई, काय करणार तिथं?"

"एमआयडीसीत बियाणं निवडायला बाया लागतात. कल्याणी म्हणत होती."

"तुम्ही बी.कॉम. झालेल्या, बी निवडणार?"

"निवडीन. त्याला कुणाचं मशीन लागत न्हाई." तिनं पिशवीची चेन ओढली. "मी इथं मशीनसाठीच थांबले होते वंदना. तेवढंच बांधून ठेवणारं होतं. तेही भारतनंच सोडवलं."

बाहेर ट्रकनं हॉर्न दिला. लांबलचक, कंटाळलेला. ती पिशवी घेऊन पुढच्या खोलीत आली तेव्हा भारत हात न धुताच टेबलापाशी उभा होता. त्यानं पिशवी बघितली. तिच्या तोंडाकडं बघितलं. ओठ हलले, आणि ती थांबली, कारण काही झालं तरी पाठचा भाऊ होता आणि शेवटचं काहीतरी म्हणणार होता.

"अन् गेटपास?" तो म्हणाला.

तिनं चपला घातल्या आणि ओसरीवर गेली. एसटीला अजून अवकाश होता. तिथल्या बाकावर बसली, पिशवी मांडीवर. तिच्या मागं खिडकी उघडी होती. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग कळ दाबल्याचा आवाज, थांबून थांबून, एकेक. ड्रायव्हर फाटकापाशी विडी ओढत होता.

प्रिंटर घरघरला. भारत कागद घेऊन बाहेर आला, तिच्या समोरून गेला, ड्रायव्हरच्या हातात दिला. ड्रायव्हरनं नंबर तपासला, वजन तपासलं, मान डोलावली. फाटक उघडलं. ट्रक हायवेला लागला.

येत होतं त्याला.